हिवाळ्यात हात उबदार, बोटे मोकळी

पोहरादेवीच्या परिसरात मार्गशीर्ष उजाडला की सकाळचा नूर पालटतो. दुपारी अंगावरचा स्वेटर नकोसा होतो. पहाटे मात्र अंथरुणातून हात बाहेर काढवत नाही. रात्रीचा पारा १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो आणि थंडीची लाट आली तर त्याहीखाली जातो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूर येथे ३.५ अंश तापमान नोंदले गेले होते. हिमालयाशी तुलना केली तर आपली थंडी किरकोळ वाटेल. परंतु ज्या घरांच्या दारा-खिडक्यांना फटी आहेत, ज्या अंगावर एकच सदरा आहे आणि ज्या हातांना सूर्योदयापूर्वीच पाण्यात किंवा वहीवर काम करावयाचे आहे, त्यांना ती पुरेशी जाचक ठरते.

योगायोग असा, की बोटांचे सर्वांत नाजूक काम आपल्याकडे याच दिवसांत असते. शेतात कापसाची वेचणी चाललेली असते, हरभऱ्याचे शेंडे खुडले जातात. तांड्यावर काचळी-फेटियावर आरसे आणि कवड्या टाकण्यासाठी सुई हाती घेतली जाते. शाळेत सराव परीक्षा असतात. शिष्यवृत्ती, नवोदय यांसारख्या स्पर्धा परीक्षांचे आणि दहावी-बारावीच्या प्रात्यक्षिकांचे दिवस समोर उभे असतात. या प्रत्येक कामात हात झाकून ठेवण्याची सोय नाही. जाड हातमोजा चढवावा तर लेखणी धरवत नाही, न चढवावा तर बोटे आखडतात. या पेचातून मार्ग कसा काढावा, हे विज्ञानाच्या आधारे आणि आपल्या परिस्थितीस परवडेल अशा रीतीने सांगणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बोटे का गारठतात?

मानवी शरीराचे अंतर्गत तापमान सुमारे ३७ अंश असते आणि ते तेवढेच राखणे मेंदू, हृदय व यकृत यांच्यासाठी अत्यावश्यक असते. थंडी जाणवू लागताच मज्जासंस्था त्वचेतील, विशेषतः हातापायांच्या त्वचेतील, रक्तवाहिन्या आकुंचित करते. तळहातात आणि बोटांच्या टोकांत धमन्या व शिरा यांना थेट जोडणाऱ्या असंख्य सूक्ष्म आडवाटा आहेत. अंग उबदार असते तेव्हा त्या उघडतात आणि बोटांतून भरपूर उष्ण रक्त खेळते. अंग गारठले की त्या मिटतात. घरात धान्य कमी पडले की आई लेकरांच्या ताटात आधी वाढते आणि आपला घास कमी करते. शरीराचा व्यवहारही तसाच आहे. ऊब अपुरी पडली की पहिली कपात बोटांच्या वाट्यास येते.

दुसरे कारण बोटांच्या आकारात आहे. बोट म्हणजे एक बारीक नळकांडे. त्याच्या आकारमानाच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग फार मोठा असतो, म्हणून त्यातील उष्णता झपाट्याने निघून जाते. तिसरे कारण अनेकांच्या ध्यानात येत नाही. बोटांना हालविणारे प्रमुख स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान, म्हणजे बाहूच्या खालच्या भागात असतात. तेथून निघालेल्या लांब कंडरा मनगटावरून जाऊन बोटांना ओढतात, कठपुतळीच्या दोऱ्यांप्रमाणे. काही लहान स्नायू तळहातात असतात. त्यामुळे बाही आखूड असेल आणि कोपराखालचा हात उघडा असेल, तर बोटे झाकूनही त्यांची चपळाई कमी होते. कारण ओढणारा स्नायूच थंड झालेला असतो.

आरामाच्या स्थितीत बोटांच्या त्वचेचे तापमान ३० अंशांहून अधिक असते. ते साधारण १५ अंशांच्या खाली उतरले की बारीक काम बिघडू लागते. मज्जातंतूंतून संदेश सावकाश वाहतात, सांध्यांतील वंगणद्रव दाटतो, बोटे जड होतात. त्वचेचे तापमान ८ अंशांच्या सुमारास गेले की स्पर्शज्ञान झपाट्याने नष्ट होते. हाती सुई आहे की काडी, हे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज कळत नाही. हे आकडे बोटांच्या त्वचेचे आहेत, हवेचे नव्हेत. परंतु १० अंशांच्या हवेत, ओल्या हातांनी, थंड फरशीवर, पातळ कपड्यांत अर्धा तास बसलेल्या मुलाची बोटे पहिल्या मर्यादेच्या खाली जाण्यास वेळ लागत नाही.

बोटांची चपळाई मोजता येते. अमेरिकेतील परड्यू विद्यापीठात जोसेफ टिफिन यांनी १९४८ च्या सुमारास त्यासाठी एक पाटी तयार केली. तिच्या छिद्रांत ठरावीक वेळात किती खुंट्या बसविता येतात, हे मोजले जाते. कारखान्यांतील कामगारांसाठी निघालेली ही चाचणी आज जगभर वापरली जाते. आपल्या विद्यार्थ्यांना ती मण्यांवर करता येईल. हिवाळ्याच्या सकाळी २० मणी दोऱ्यात ओवण्यास किती सेकंद लागतात ते लिहून ठेवावे, मग अंग आणि हात चांगले उबदार करून पुन्हा ओवावे. दोन आकड्यांमधील अंतर विद्यार्थी कधी विसरणार नाही. ऐकीव गोष्ट स्वतः तपासून पाहण्याची जी शिकवण आपल्याला मिळाली आहे, तिचाच हा लहानसा पाठ होय.

जाड हातमोज्याची मर्यादा

हातमोजा जाड केला की ऊब वाढते, हे खरे. परंतु बोटांच्या बाबतीत ती अपेक्षेइतकी वाढत नाही. बारीक नळकांड्यावर जाड थर चढविला की बाहेरचा पृष्ठभागही वाढतो आणि तेथून उष्णता निसटते. शिवाय पाचही बोटे वेगवेगळ्या खोळीत गेल्याने एकमेकांची ऊब त्यांना मिळत नाही. म्हणून चार बोटे एकत्र ठेवणारी पिशवीसारखी खोळ हातमोज्यापेक्षा अधिक उबदार असते. मात्र तिच्यात लेखणी धरता येत नाही.

अतिशीत प्रदेशात जाणारी माणसे यावर थरांचा उपाय योजतात. आत बोटांना चिकटून बसणारा पातळ मोजा, त्यावर जाड खोळ. दोरी बांधणे, कडी अडकविणे अशा कामापुरती वरची खोळ काढावयाची, पातळ मोज्यानिशी काम उरकावयाचे आणि लगेच खोळ चढवावयाची. २५ मे २०१४ रोजी तेलंगणातील समाजकल्याण निवासी शाळांचे दोन विद्यार्थी, मालावत पूर्णा आणि साधनापल्ली आनंदकुमार, एव्हरेस्टवर पोहोचले. त्या वेळी पूर्णाचे वय १३ वर्षे ११ महिने होते आणि तिचे आईवडील शेतमजूर होते. मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ या उपक्रमातून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी तेच शिखर गाठले. वसतिगृहांत वाढलेल्या या मुलांना प्रशिक्षणात जे धडे गिरवावे लागतात, त्यांत हात जपणे हा एक मोठा धडा असतो. पर्वतावर बोट गमावणे म्हणजे उरलेल्या आयुष्यातील काम गमावणे होय.

आपल्याला एवढ्या सरंजामाची गरज नाही. त्यातील तत्त्व मात्र घेण्यासारखे आहे. जेथे इजा होते तेवढेच झाकावे आणि जेथून काम करावयाचे ते मोकळे ठेवावे. विनयपिटकातील चुल्लवग्गात याचे एक सुंदर उदाहरण आहे. चीवर शिवताना भिक्खूंच्या बोटांना सुई टोचून त्रास होऊ लागला, तेव्हा तथागतांनी त्यांना अंगुस्तान वापरण्याची अनुमती दिली. पुढे काहींनी सोन्या-रुप्याची अंगुस्ताने बाळगली, तेव्हा ती वर्ज्य करून हाड, शिंग, बांबू, लाकूड, लाख, शंख अशा साध्या वस्तूंची चालतील असे ठरविले. अंगुस्तान एका बोटाचे टोक झाकते आणि बाकीचा हात मोकळा सोडते. हिवाळ्यातील हातांच्या संरक्षणाचा आराखडा हाच असावा.

आधी धड, मग हात

बोटे उबदार ठेवण्याचा सर्वांत प्रभावी उपाय बोटांवर करावयाचा नसून छाती-पोटावर करावयाचा आहे. धड उबदार असेल तर शरीर आपण होऊन बोटांच्या आडवाटा उघडते. कॅनडातील दोन संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सात पुरुषांना उणे २५ अंश हवेत तीन तास बसविले होते. एकदा त्यांना विजेवर तापणारे हातमोजे दिले, दुसऱ्यांदा विजेवर तापणारे जाकीट. बोटांमधील रक्तप्रवाह जाकीट घातले असताना कितीतरी पटींनी अधिक आढळला. हातमोजा बोटाच्या कातडीला तापवितो. उबदार धड मात्र बोटांपर्यंत रक्त पाठविते आणि वाटेतील बाहूचे स्नायूही उबदार ठेवते.

धड कसे झाकावे, याबाबत महावग्गातील चीवरखंधक वाचण्यासारखा आहे. राजगृहाहून वैशालीकडे जाताना तथागतांना चीवरांची गाठोडी डोक्यावर, खांद्यावर, कमरेवर वाहून नेणारे भिक्खू दिसले. चीवरांना मर्यादा घालावी, असे त्यांना वाटले. परंतु ती मर्यादा त्यांनी तर्काने ठरविली नाही. वैशालीच्या गोतमक चैत्यात, माघ-फाल्गुनाच्या संधीवरील कडाक्याच्या थंडीच्या रात्री, ते एक चीवर पांघरून उघड्यावर बसले. पहिला प्रहर संपताना थंडी वाजू लागली, तेव्हा दुसरे चीवर घेतले. मध्यप्रहर संपताना तिसरे आणि पहाटे चौथे घेतल्यावर थंडी वाजली नाही. या अनुभवावरून त्यांनी भिक्खूंसाठी त्रिचीवराची मर्यादा घालून दिली आणि त्यांतील संघाटी दुपदरी ठेवली. थराथराने पांघरलेले पातळ कापड एका जाड कापडाहून सोयीचे असते, गरजेप्रमाणे ते वाढविता-घटविता येते आणि किती पुरेसे आहे हे अनुभवाने ठरवावे लागते, हे तिन्ही धडे त्या एका रात्रीत आहेत. दोन थरांमध्ये अडकलेली स्थिर हवा ऊब धरून ठेवते, असे आजचे भौतिकशास्त्रही सांगते.

आपल्या हवामानाला हेच लागू पडते, कारण पहाटे १० अंश आणि दुपारी २८-३० अंश अशी एकाच दिवसात आपली उडी असते. सदऱ्याच्या आत एक बनियन, सदऱ्यावर एक बिनबाह्यांचा आणि त्यावर एक पूर्ण बाह्यांचा स्वेटर असे तीन हलके थर एका महागड्या जाकिटाहून बरे. ऊन चढेल तसे ते उतरवीत जावे. कानटोपी आणि पायमोजे यांचाही हातांशी संबंध आहे, कारण डोके व पाय उघडे राहिले की अंगाची एकूण ऊब घटते आणि कपात पुन्हा बोटांवर येते. सिमेंटच्या फरशीवर बसणाऱ्या मुलाच्या बैठकीतून उष्णता सतत जमिनीत जात असते. त्याच्याखाली सतरंजीची घडी, गोणपाट किंवा जुनी वाकळ टाकणे हासुद्धा बोटांचाच उपाय आहे.

अन्नाचेही तसेच. शरीरातील ऊब अन्नातूनच निर्माण होते. उपाशीपोटी परीक्षेस बसलेल्या मुलाची बोटे आधी गारठतात. ज्वारी-बाजरीची गरम भाकरी, वरण, गूळ-शेंगदाणे, तिळाचा लाडू यांपैकी काहीही पोटात असले तरी फरक पडतो.

मनगटपट्टी : घरी करता येणारी वस्तू

धड झाकल्यानंतर लक्ष मनगटाकडे द्यावे. हाताकडे जाणाऱ्या दोन्ही मुख्य धमन्या येथे कातडीच्या अगदी जवळून जातात. वैद्य नाडी पाहतात ती येथेच. बोटे ओढणाऱ्या कंडराही येथूनच जातात. म्हणून मनगटापासून बोटांच्या मधल्या पेरापर्यंत झाकणारी आणि टोके मोकळी सोडणारी पट्टी लिहिणाऱ्या हातासाठी सर्वांत उपयुक्त ठरते.

ती करण्यास खर्च येत नाही. फाटलेला लोकरी पायमोजा घ्यावा, पंजाचा भाग कापून टाकावा आणि उरलेल्या नळीच्या एका बाजूस अंगठा जाईल एवढे छिद्र पाडून त्याच्या कडा दोऱ्याने बांधून घ्याव्यात. जुन्या स्वेटरच्या बाहीचेही असेच करता येते. विणकाम येत असेल तर एक सुलट, एक उलट अशा टाक्यांची पट्टी विणावी. ती ताणते आणि मनगटाला बेताने धरून राहते. पट्टी घट्ट मात्र असू नये. कातडीवर वळ उठत असेल तर ती रक्त अडविते आणि उबेऐवजी गारठाच देते. लोकर नसेल तर जाड सुती कापड चालेल, परंतु ते ओले होता कामा नये. लोकर थोडी दमट झाली तरी काही ऊब राखते. ओले सुती कापड उलट ऊब शोषून घेते.

पाण्याशी गाठ

हात गारठण्याचे सर्वांत मोठे कारण थंड हवा नसून पाणी असते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. हात पाण्याबाहेर काढल्यावरही सुटका होत नाही. एक ग्रॅम पाणी सुकताना जेवढी उष्णता घेते, तेवढ्या उष्णतेत सुमारे ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी तापविता येईल. भांडी घासून, कपडे पिळून, हात तसेच ओले ठेवून वर्गात बसणारी मुलगी पहिल्या तासाला नीट लिहू शकत नाही, यात तिचा दोष नाही. हात पुसण्यासाठी कोरडा पंचा जवळ असणे ही अगदी स्वस्त सोय आहे.

वसतिगृहाच्या आणि घरच्या दिनक्रमात एक छोटा बदल मोठा उपयोगी पडतो. जमिनीच्या पोटात काही मीटर खोलीवर तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर, त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीइतके असते. आपल्या भागात ते २५ अंशांच्या आसपास येते. म्हणूनच हिवाळ्याच्या पहाटे विहिरीचे किंवा बोअरचे ताजे पाणी कोमट लागते आणि त्यावर वाफ दिसते. तेच पाणी संध्याकाळी गच्चीवरच्या टाकीत भरून ठेवले की रात्रभरात गार पडते. टाकी रात्री भरण्याऐवजी, वीज असेल तेव्हा, सकाळी ताजे पाणी उपसून धुण्या-भांड्यांस वापरावे. धुणे शक्य तर उन्हे वर आल्यावर करावे.

शेतातील हात

कापूस वेचणाऱ्या भगिनींना हातमोजा घालता येत नाही. वाळलेल्या बोंडाच्या टोकदार पाकळ्यांमधून सरकी-रुई अलगद ओढावयाची, ती ओटीत टाकावयाची आणि पाला-कचरा त्यात येऊ द्यावयाचा नाही, हे उघड्या बोटांचेच काम आहे. सकाळी बोंडे दवाने भिजलेली असतात. ओली वेचणी कापसाची प्रत बिघडविते, म्हणून दव उडाल्यावर वेचणी करावी असे कृषितज्ज्ञ सांगतात. बोटांच्या दृष्टीनेही तेच हिताचे आहे. बधिर बोटाला बोंडाचे टोक लागल्याचे कळत नाही आणि रक्त दिसल्यावरच जखम उमजते. साडीवर पुरुषी सदरा घालण्याची आपल्याकडची पद्धत त्यामुळे शास्त्रशुद्ध आहे. बाही पूर्ण असावी आणि मनगटाशी बटण लावलेले असावे.

हरभऱ्याच्या पानांवर आंब असते. ती आम्लधर्मी असल्याने दवात मिसळून चिरलेल्या बोटांना झोंबते. खुडणीनंतर हात साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि रात्री निजताना तेल किंवा व्हॅसलीन लावावे. तेल स्वतः ऊब देत नाही. ते कातडीतील ओलावा टिकवून भेगा रोखते. सकाळी लिहिण्यापूर्वी मात्र ते लावू नये. तेलकट बोटांत लेखणी सरकते आणि कागदावर डाग पडतात. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली थिजते, म्हणून हिवाळ्यात तिळाचे तेल सोयीचे.

परीक्षेची सकाळ

गारठलेली बोटे पूर्ववत होण्यास वेळ लागतो. घंटा झाल्यावर हात चोळण्यापेक्षा ती गारठूच न देणे सोपे. केंद्रावर सायकलने जाणाऱ्यांनी वाटेत जाड मोजे किंवा मुठींवर कापडी खोळ वापरावी; तेथे बोटांना फक्त ब्रेक दाबावयाचा असतो. पोहोचल्यावर कोवळ्या उन्हात उभे राहावे. दोन्ही हात खांद्यातून मोठ्या वर्तुळात २०-३० वेळा वेगाने फिरवावेत, म्हणजे रक्त बोटांच्या टोकांकडे लोटले जाते. त्यानंतर हात काही मिनिटे काखेत धरावेत. तोंडाने फुंकर घातल्यास क्षणभर बरे वाटते, पण श्वासातील ओलावा सुकताना ऊब परत नेतो.

थंडीत बॉलपेनची शाई दाटते आणि पहिल्या ओळी उमटत नाहीत. पेन आतल्या खिशात अंगालगत ठेवावे. बारीक पेनाला धरण्याच्या जागी दोऱ्याचे चार वेढे दिले तर पकड सैल ठेवता येते आणि बोटे कमी थकतात. मनगटपट्टी परीक्षेतही घालता येते. मात्र ती साधी, खिसा नसलेली असावी आणि पर्यवेक्षकांना आधीच दाखवावी.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आळशी माणसाच्या सबबींमध्ये ‘फार थंडी आहे’ ही सबब सांगितलेली आहे आणि ती आपण विद्यार्थ्यांना ऐकवीत असतो. परंतु सबब आणि कारण यांत भेद करावा लागतो. जो मुलगा वर्गात आला, वही उघडली आणि ज्याचे अक्षर वाकडे आले, त्याला आळशी म्हणता येणार नाही. गारठलेल्या हातावर छडी मारण्याची जुनी रीत तर क्रूरच होती. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराच्या २००९ च्या कायद्यातील कलम १७ ने शारीरिक शिक्षेस मनाई केलेली आहे. हिवाळ्यात शुद्धलेखन आणि लेखी चाचणी पहिल्या तासाऐवजी तिसऱ्या-चौथ्या तासाला घ्यावी, पहिला तास पाठांतर, वाचन किंवा कवायतीस द्यावा. त्यास एक पैसाही लागत नाही.

शेकोटीविषयी सावधगिरी

शेकोटी ही आपल्या गावांची जुनी सोबत आहे, परंतु तिच्याशी जपून वागावे. बधिर बोटांना चटका उशिरा कळतो, म्हणून हात ज्वाळेजवळ न नेता अंग शेकावे. हात आपोआप उबदार होतात. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही निजू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही आणि तो झोपेतच प्राण घेतो. विनयातही याची आठवण आहे. भग्ग देशात सुंसुमारगिरी येथे भिक्खूंनी हिवाळ्यात एक पोकळ ओंडका पेटवून शेक घेतला, तेव्हा आगीने त्रासलेला काळा साप त्यातून बाहेर आला आणि सर्वांची पळापळ झाली. त्यानंतर आजारी नसताना शेकण्यासाठी उघड्यावर आग पेटविण्यास मनाई करण्यात आली. तुराट्या-पऱ्हाट्यांच्या ढिगालगत शेकोटी पेटविणाऱ्यांनी ही कथा ध्यानी ठेवावी.

जेव्हा थंडी हा आजार असतो

काही मुलांच्या बाबतीत गार हात ही केवळ गैरसोय नसते. विदर्भात आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या अनेक कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. या आजारात थंडीने रक्तवाहिन्या आकसल्या की विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी त्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत असह्य वेदना उठतात. लहान बाळांमध्ये हातापायांची सूज हे या आजाराचे पहिले लक्षण असू शकते. अशा मुलांना थंड पाण्याचे काम मुळीच देऊ नये, त्यांच्या अंगावर पुरेसे कपडे असावेत आणि थंडीतही त्यांनी भरपूर पाणी प्यावे. १ जुलै २०२३ पासून केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून रक्ततपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत होते. प्रत्येक पालकाने आपल्या पाल्याची तपासणी करून तिचा निकाल शाळेस कळवावा. लपविण्यासारखे त्यात काही नाही. न कळविल्यास मात्र अपाय आहे.

रक्तक्षय असलेल्या मुलामुलींनाही थंडी अधिक बाधते, कारण लोहाच्या कमतरतेत शरीराला ऊब राखणे कठीण जाते. किशोरवयीन विद्यार्थ्यांना दर आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी टाकून देऊ नये. ज्यांची बोटे थोड्याशा गारव्यानेही पांढरी, मग निळी आणि पुढे लाल होतात, त्यांनी डॉक्टरांना दाखवावे. १८६२ साली मॉरिस रेनो या फ्रेंच वैद्याने वर्णिलेला हा विकार उपचारांनी आटोक्यात राहतो.

भेट देऊ इच्छिणाऱ्यांसाठी

शाळेविषयी आपुलकी बाळगणारे माजी विद्यार्थी हिवाळ्यात काही ना काही देऊ इच्छितात. दुकानात चटकन नजरेस पडतात ते जाड, रंगीत हातमोजे. ते खेळताना, सायकल चालविताना उपयोगी पडतील. वर्गात मात्र मुलांना ते काढूनच ठेवावे लागतील. त्याच पैशांत बिनबाह्यांचे स्वेटर, पायमोजे, कानटोप्या आणि सतरंज्या घेतल्या तर त्यांची ऊब मुलांच्या बोटांपर्यंत पोहोचेल. वसतिगृहातील खिडक्यांच्या फुटक्या तावदानांची दुरुस्ती, धुण्याच्या जागेवर पत्र्याचा आडोसा, पाणी तापविण्यासाठी सौर संच ही कामे एकदा केली की पुढच्या अनेक तुकड्यांना पुरतात. ज्या माता-भगिनींना विणकाम येते त्यांनी दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी शाळेत येऊन मुलामुलींना मनगटपट्टी विणण्यास शिकवावे. दोन पट्ट्यांना लोकर थोडीच लागते आणि शिकलेला हात पुढच्या वर्षी धाकट्यांना शिकवू शकतो.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी जमीन थोडी आणि भांडवल त्याहून थोडे होते. आईच्या बोटांनी कापूस वेचला, त्यातून वहीचे पैसे आले आणि त्या वहीत आपल्या बोटांनी लिहिले. आपली सारी वाटचाल या दोन हातांवर झाली आहे. यंदाच्या हिवाळ्यात वसतिगृहातील प्रत्येक मुलाच्या अंगावर तीन थर, बैठकीखाली सतरंजी आणि मनगटावर पट्टी असावी, एवढी तजवीज मार्गशीर्ष लागण्यापूर्वी आपण सर्वांनी मिळून करू या.